बायोप्सी ‘निगेटिव्ह’ आली, तरी डॉक्टर परत सुई घालूया म्हणतात. काय करावं?

शेवंती_डिचोली

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या जागी असेल तर ॲडमिननी हलवावा.

विषय माझ्या मावशीचा. वय ५४, साखळीजवळच्या गावात राहते. गावच्या आरोग्य केंद्रात शिबिर होतं, तिथे हातात धरायच्या छोट्या यंत्राने छाती तपासली आणि डाव्या बाजूला काहीतरी लागतंय म्हणून पुढे पाठवलं. मग एका खाजगी सेंटरात मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी झाली. मॅमोग्राफीच्या रिपोर्टात काटेरी कडांची घन गाठ, १४ मिमी, बायरॅड्स ४ सी (म्हणजे कॅन्सरच्या संशयाचा वर्ग). चारच दिवसांत सोनोग्राफीवर बघून सुईने तुकडे काढले. आम्ही सगळे देव पाण्यात घालून बसलो होतो. रिपोर्ट आला: ‘फायब्रोसिस्टिक चेंज, नो एव्हिडन्स ऑफ मॅलिग्नन्सी’. मावशीने लगेच सातेरीला ओटी भरली.

आणि आता ज्यांनी सुई घातली तेच डॉक्टर म्हणतात, हे दोन रिपोर्ट एकमेकांशी जुळत नाहीत, परत बायोप्सी करायला हवी, या वेळी जाड सुईने.

घरात दोन तट पडलेत. काका म्हणतात, एकदा नाही म्हटलंय ना, मग परत कशाला टोचायचं, गणपतीची चवथ तोंडावर आलीय. मामेभावाच्या मते हा सगळा बिलाचा खेळ. मावशी काहीच बोलत नाही, तिला नुसतं ‘नाही’ ऐकायचंय.

माझा प्रश्न साधा आहे. तुकडा प्रत्यक्ष मायक्रोस्कोपखाली बघून सांगितलेलं खरं, की यंत्रात लांबून दिसलेलं? मला तर पहिलंच जास्त खरं वाटतं.

---

तिस्क_फोंडा

तुमच्या मामेभावाशी सहमत. आजकाल कॅन्सरचं नाव काढलं की मीटर सुरू. रिपोर्टमध्ये स्पष्ट ‘नो एव्हिडन्स’ लिहिलंय, अजून काय हवं? सेकंड ओपिनियन घ्या आणि मावशीला शांतपणे चवथ करू द्या.

---

गुळवेल

कांचनार गुग्गुळ सुरू करा, सोबत आहारात आंबट बंद. गाठी विरघळतात. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पत्ता देतो.

---

अबोली

गुळवेलकाका, गाठ कसली आहे ते तरी आधी कळू द्या हो.

शेवंती, थांब जरा. इथे एक पॅथॉलॉजीवाल्या बाई येतात, त्यांना हाक मारते. @स्लाइडवाली

---

स्लाइडवाली

आले. मी पॅथॉलॉजीत आहे, गोव्यातच काम करते, त्यापुढे विचारू नका. पेशंट न बघता निदान सांगणार नाही, पण हा प्रश्न इतक्या घरांतून येतो की नीट लिहितेच.

शेवंतीताई, मायक्रोस्कोप खोटं बोलत नाही हे खरं. पण तो फक्त बाटलीत जे आलं त्याबद्दल बोलतो. सुई गाठीत गेली होती की गाठीच्या बाजूने, हे त्याला कळायला मार्ग नाही. ‘नो एव्हिडन्स ऑफ मॅलिग्नन्सी’ हे वाक्य त्या चार-पाच तुकड्यांबद्दल आहे, मावशींच्या स्तनाबद्दल नाही. आपल्याकडे म्हणतात तशी शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत त्याच हंडीतलं हवं.

आता ‘फायब्रोसिस्टिक चेंज’. चाळिशी-पन्नाशीच्या बाईच्या स्तनातून डोळे मिटून कुठूनही तुकडा घेतला तरी हे बदल सापडण्याची बरीच शक्यता असते. लहान सिस्ट (पाण्याच्या पिशव्या), थोडा तंतुमय भाग, नलिकांच्या पेशी जराशा वाढलेल्या. निरुपद्रवी आहे. पण काटेरी कडांची १४ मिमीची घन गाठ फिल्मवर का दिसली, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. म्हणून निदान ‘कॅन्सर नाही’ असं आलं की आम्ही पुढे विचारतो: बरं, मग आहे काय? आणि जे आहे ते चित्रात तसंच दिसतं का? दिसत असेल तर कॉन्कॉर्डंट. नसेल तर डिसकॉर्डंट, आणि अशा वेळी निरुपद्रवी रिपोर्टावर फाइल बंद करत नाहीत. परत आणि जास्त मोठा नमुना घेतात, किंवा ऑपरेशन करून तेवढा भाग काढून तपासतात.

तुमच्या डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले, हे उलट बरं झालं. ते कामच करायचं राहून जातं. रिपोर्ट थेट पेशंटच्या हातात पडतो, ‘नो’ वाचून घरचे निघून जातात, आणि पुढच्या वर्षी गाठ हाताला लागते तेव्हा परत येतात.

---

क्ष_किरण

बाईंनी सूक्ष्मदर्शकाची बाजू सांगितली, मी फिल्मची सांगतो. रेडिओलॉजीत आहे.

बायरॅड्स ही अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीची पद्धत, ० ते ६ असे वर्ग. ३ म्हणजे बहुतेक निरुपद्रवी, कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांच्या आत. ४ म्हणजे संशयास्पद, पण त्यातही मोठा पल्ला आहे: ४ ए मध्ये २ ते १० टक्के, ४ बी मध्ये १० ते ५० आणि ४ सी मध्ये ५० ते ९५. ५ म्हणजे ९५ च्या वर. म्हणजे सुई घालायच्या आधीच मावशींची शक्यता निम्म्याहून जास्त धरली होती. इतका दाट संशय एका मोघम निरुपद्रवी रिपोर्टाने पुसला जात नाही. हाच रिपोर्ट ४ ए ला आला असता, तर बऱ्याचदा पुरला असता.

तिस्क_फोंडासाहेब, बिलाचं म्हणाल तर परत तपासायला सांगणारा डॉक्टर घरच्यांच्या शिव्या खातो. गप्प राहणं त्याला जास्त सोपं होतं.

शेवंतीताई, दोन गोष्टी टाइप करून टाका (नाव, नंबर झाकून): मॅमो आणि सोनो दोन्ही रिपोर्टांत गाठीची जागा कशी लिहिलीय, आणि बायोप्सीच्या नोंदीत ‘क्लिप’ हा शब्द आहे का.

---

पेडणेकर

बाकी शिबिरातल्या त्या यंत्राबद्दल: ते बहुतेक ‘स्वस्थ महिला स्वस्थ गोवा’ मोहिमेतलं असावं. २०२१ मध्ये सरकारने युवराज सिंगच्या यूवुईकॅन फाउंडेशनबरोबर सुरू केली. आमच्या हिलाही तपासलं होतं. त्यात एक्स-रे नसतो, कुठे घट्टपणा लागतो का एवढंच ते बघतं. पुढची मॅमोग्राफी, सोनोग्राफी लागतेच.

---

शेवंती_डिचोली

@क्ष_किरण, फाइल काढून बसले.

मॅमो: डावा स्तन, वरचा बाहेरचा भाग, मागचा तिसरा हिस्सा, बोंडापासून ७ सेंमी.
सोनो: डावा स्तन, २ वाजता, बोंडापासून ३ सेंमी, १० मिमी, कडा अस्पष्ट.
बायोप्सी: सोनोग्राफीखाली, १४ गेज, ४ तुकडे. क्लिप: नाही.

आणि पॅथॉलॉजीला पाठवलेल्या फॉर्मची झेरॉक्सही सापडली. त्यावर एवढंच आहे: ‘लम्प लेफ्ट ब्रेस्ट, रूल आउट सीए’, म्हणजे डाव्या स्तनात गाठ, कॅन्सर नाही ना ते बघा.

---

क्ष_किरण

मला वाटलंच होतं.

दिशा दोन्हींत जुळते. डाव्या स्तनात २ वाजता म्हणजे वर आणि बाहेर. पण अंतर बघा: एकात ७, एकात ३. थोडा फरक पडतोच, कारण मॅमोला बाई उभी असते आणि स्तन दाबलेला असतो, सोनोला ती आडवी असते. तरी मागच्या हिस्स्यातली गाठ एवढी पुढे येणं कठीण. दाट शंका अशी की मॅमोवर दिसली ती एक, आणि सोनोवर सापडली ती दुसरीच काहीतरी जागा. सुई सोनोवरच्या जागेत अगदी बरोबर गेली असेल, रिपोर्टही त्या जागेपुरता खरा असेल. मॅमोवरच्या गाठीला मात्र कोणी हातच लावला नाही.

क्लिप म्हणून विचारलं ते यासाठीच. तुकडे काढून झाले की त्या जागी तिळाएवढी धातूची खूण सोडतात आणि लगेच मॅमोच्या दोन फिल्म घेतात. खूण गाठीच्या आत दिसली तर निशाण बरोबर. गाठ एकीकडे आणि खूण दुसरीकडे असेल, तर पॅथॉलॉजीची वाट न बघताच कळतं की परत जायचंय. क्लिप महाग म्हणून पुष्कळ ठिकाणी वगळतात.

या वेळी मॅमोच्याच मार्गदर्शनाखाली, म्हणजे स्टिरिओटॅक्टिक पद्धतीने, व्हॅक्युम बायोप्सी करायला सांगत असतील. ९ गेजच्या आसपासची सुई असते. गेजचा आकडा जितका लहान तितकी सुई जाड. एकदाच आत जाते आणि ओढून घेत बरेच तुकडे काढते. भूल स्थानिक, टाका लागत नाही, पण जागा काही दिवस काळीनिळी पडते.

---

स्लाइडवाली

मला त्या फॉर्मबद्दल बोलायचंय. ‘लम्प, रूल आउट सीए’. हे वाचलं की माझं डोकं फिरतं. दिवसातून कितीदा तरी असे फॉर्म येतात.

काय होतं बघा. एका सकाळी टेबलावर ट्रे येतो, त्यात एका बाईचे चार बारीक तुकडे, पेन्सिलच्या शिशाएवढ्या जाडीचे. बाटलीत ते तरंगत होते की तळाशी बसले होते, हेसुद्धा बघण्यासारखं असतं, कारण नुसती चरबी फॉर्मॅलिनमध्ये तरंगते. रात्रभर प्रोसेसिंग, मग मेणाचा ठोकळा, त्याच्या तीन-चार मायक्रॉनच्या चकत्या, रंग देऊन काचेवर. मी बघते: फायब्रोसिस्टिक. फॉर्मवर फक्त ‘लम्प’ असेल तर मला हे पुरेसं वाटू शकतं, कारण या बदलांनीही हाताला गोळा लागतो. पण त्याच फॉर्मवर ‘काटेरी कडांची गाठ, १४ मिमी, बायरॅड्स ४ सी’ एवढी एक ओळ असती, तर मी तिथेच थबकले असते. ठोकळ्याच्या अजून खोल चकत्या कापून घेतल्या असत्या आणि तरीही तेच दिसलं असतं, तर रिपोर्टखाली लिहिलं असतं की यातून चित्रातल्या गाठीचा खुलासा होत नाही, नमुना प्रातिनिधिक नसावा.

म्हणून सगळ्यांना सांगते. बायोप्सीला जाताना मॅमोच्या रिपोर्टाची एक झेरॉक्स न्या आणि ती बाटलीसोबत लॅबला जाईल असं बघा. कोणी नाक मुरडलं तर मुरडू दे.

---

तिस्क_फोंडा

बरं, बिलाचं विधान मागे. पण मग हे थांबायचं कधी? निरुपद्रवी आलं की परत करा, परत निरुपद्रवी आलं की परत? असं तर कोणाचंच ‘नाही’ खरं धरता येणार नाही.

---

स्लाइडवाली

छान प्रश्न. बहुतेक ‘नाही’ पहिल्याच फटक्यात खरे धरले जातात, कारण ते जुळतात. पंचविशीतली मुलगी, गुळगुळीत कडांची अंडाकृती गाठ, बायोप्सीत फायब्रोॲडिनोमा, म्हणजे निरुपद्रवी गाठ: जुळलं. सिस्टमधलं पाणी काढलं आणि सोनोवर गाठ नाहीशी झाली: जुळलं. आधी ऑपरेशन किंवा जोराचा मार, आता त्याच जागी कडक गोळा, तुकड्यात मेलेली चरबी: हेही जुळतं, जरी फिल्मवर ते कधीकधी हुबेहूब कॅन्सरसारखं दिसत असलं तरी. अशांना साधारण सहा ते बारा महिन्यांनी परत फिल्म काढून बघायचं, वाढत नाही ना एवढंच.

उलटं मात्र चालत नाही. चित्र निरागस आणि तुकड्यात कॅन्सर, तर तुकडा जिंकतो. काही कॅन्सर गोल, सुबक कडांचे असतात, फायब्रोॲडिनोमा समजून सोडावेत असे. तिथे फक्त एकदा खात्री करतात की बाटली त्याच बाईची आहे ना. गोव्यात नाईक आणि गावकर किती आहेत ते सांगायला नको! नावासोबत वय, नोंदणी क्रमांक आणि डावा-उजवा हे दोन्ही रिपोर्टांत ताडून बघणं घरच्यांनाही जमतं.

---

रानातली_वाट

आमच्या घरचं याच्या उलट. सत्तरी तालुक्यात असतो आम्ही. वहिनी ३३ वर्षांची, धाकटा मुलगा दोन वर्षांचा. एका बाजूला कडक गोळा, कातडी लाल. सोनोग्राफी करणाऱ्यांनी बायरॅड्स ५ दिलं. घरात रडारड. तुकड्यात मात्र कॅन्सर नव्हता, ‘ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस’, म्हणजे स्तनाची एक प्रकारची सूज, असं लिहून आलं. आम्हाला वाटलं आता आमचंही परत करणार. पण सर्जन, सोनोवाले आणि पॅथॉलॉजीवाले तिघे फोनवर बोलले आणि म्हणाले की हा आजार असाच कॅन्सरचं सोंग घेऊन येतो, बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत जास्त, त्यामुळे हे जुळतंय. टीबी नाही ना म्हणून त्याच नमुन्याच्या वेगळ्या तपासण्या केल्या. औषधांवर बरं व्हायला बरेच महिने गेले, पण झालं.

---

स्लाइडवाली

अगदी. बायरॅड्स ५ आणि निरुपद्रवी निदान असूनही जुळल्याचं हे नेमकं उदाहरण. फक्त तिथे निदान ठोस होतं, ‘काही विशेष नाही’ असं मोघम नव्हतं.

---

म्हापसेकर

माझा प्रश्न थोडा वेगळा. बायकोच्या मॅमोत गाठ नाही, फक्त बारीक चुन्याचे कण होते, घोळक्याने. व्हॅक्युम बायोप्सी झाली. रिपोर्टात खाली बारीक अक्षरात ‘कॅल्सिफिकेशन नॉट सीन इन सेक्शन्स’. सर्जन म्हणाले लॅबशी बोलतो. यात काळजी करायची का?

---

क्ष_किरण

बोलतो म्हणाले ते बरोबरच केलं. बायोप्सी कणांसाठी होती, तर कण मिळाले की नाही हाच मुख्य मुद्दा. तुकडे काढल्यावर त्या तुकड्यांचाच एक एक्स-रे घेतात. त्यात पांढरे ठिपके दिसले म्हणजे कण बाटलीत आहेत. तो एक्स-रे झाला होता का, ते विचारा.

---

स्लाइडवाली

आणि एक्स-रेत कण होते पण काचेवर नाहीत, तर शोध लॅबमध्ये घ्यायचा, पेशंटला टोचून नाही. चुन्याचे दोन प्रकार. कॅल्शियम फॉस्फेट नेहमीच्या रंगात निळं-जांभळं होतं, लगेच दिसतं. कॅल्शियम ऑक्झलेट रंगच घेत नाही, साध्या प्रकाशात नजरेतून निसटतं. पोलराइज्ड प्रकाश लावला की काळ्या पार्श्वभूमीवर लखलखतं. कारण बहुतेकदा निरुपद्रवी सिस्ट. तरी नाही सापडलं तर मेणाच्या ठोकळ्याचाच एक्स-रे काढतात, कण अजून ठोकळ्यात खोल बसलेत का ते बघायला, आणि तिथवर चकत्या कापत जातात. कधी चकती कापताना कण पात्याने उडूनही जातात.

तुकड्यांच्या एक्स-रेतच कण नसतील, तर मात्र निशाण चुकलं. मग परत.

---

काणकोणकर

पण इतक्या सुया घातल्याने आजार पसरत नाही का? आमच्याकडे सगळे असंच म्हणतात, ‘छेडू नये’.

---

क्ष_किरण

सुईच्या वाटेवर चार पेशी सरकलेल्या स्लाइडवर कधी दिसतात, हे खरं. त्यामुळे बायकांचं आयुष्य कमी झालं असं मात्र दिसलेलं नाही. न छेडता वर्षभर थांबल्याने काय होतं, ते आम्ही नेहमी बघतो.

---

परदेशी_गोंयकार

सरळ मुंबईला टाटाला न्या. गोव्यात वेळ घालवू नका.

---

अबोली

इथे १८४२ पासून वैद्यकीय शाळा आहे हो, पोर्तुगीजांच्या वेळची. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात रोज शेकडो माणसं जातात ती उगाच नाही. आणि दुसरं मत हवंच असेल तर मावशीला फरफटत कशाला न्यायचं, स्लाइड आणि ठोकळे पाठवता येतात ना?

---

स्लाइडवाली

येतात. लॅबकडे लेखी मागायचे, ते तुमचा हक्क आहेत. स्लाइडसोबत ठोकळाही मागा, पुढचे रंग त्याच्यावरच होतात. पण या केसमध्ये पहिल्या स्लाइड कुठेही पाठवल्या तरी फायब्रोसिस्टिकच दिसणार. नमुनाच दुसरा हवा.

---

शेवंती_डिचोली

मंडळी, बरेच दिवसांनी येतेय. तुम्हा दोघांचे प्रतिसाद प्रिंट काढून काकांना वाचायला दिले. ७ आणि ३ सेंमीचं वाचल्यावर ते पहिल्यांदा ‘बरं’ म्हणाले. चवथीच्या आधीच बायोप्सी उरकली. मॅमोवर बघून, व्हॅक्युमने, आणि क्लिप आम्ही मागून घेतली. नंतरच्या फिल्मवर क्लिप बरोबर गाठीच्या मध्यात आहे, डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवली.

रिपोर्ट: ‘कॉम्प्लेक्स स्क्लेरोझिंग लिजन, नो एटिपिया’. पी६३ नावाची जास्तीची तपासणी करून कॅन्सर नाही असं लिहिलंय. आणि रेडिओलॉजीच्या कागदावर नवीन ओळ: ‘पॅथॉलॉजी इज कॉन्कॉर्डंट विथ इमेजिंग’. तरी सर्जनना भेटा म्हणतात. आता जुळलं ना? मग सर्जन कशाला?

---

क्ष_किरण

फार छान झालं. आता जुळलं. ही जात, जिला रेडियल स्कारही म्हणतात, फिल्मवर काटेरीच दिसते. फिल्मवर बघून कॅन्सरपासून वेगळी काढताच येत नाही.

---

स्लाइडवाली

पी६३ कशासाठी ते सांगते. कॅन्सर नसलेल्या नलिकांभोवती एक बाहेरचा पेशींचा थर शाबूत असतो, पी६३ त्या थराला रंग देतं. या जातीत नलिका दाबल्या जाऊन वेड्यावाकड्या होतात आणि पसरणाऱ्या कॅन्सरसारख्या भासतात, म्हणून थर आहे ना ते बघतात. तो आहे.

सर्जन अशासाठी की ही मधल्या गटातली गोष्ट आहे, ब्रिटिश पद्धतीत बी३ म्हणतात. स्वतः कॅन्सर नाही, पण कधीकधी सुई न पोचलेल्या कोपऱ्यात काहीतरी जास्त असू शकतं. काही ठिकाणी छोटं ऑपरेशन करून सगळी काढतात. व्हॅक्युमने भरपूर भाग निघाला असेल आणि एटिपिया (पेशींतले संशयास्पद बदल) नसेल, तर काही ठिकाणी नुसतं लक्ष ठेवतात. दोन्ही चालतं. सर्जनना एवढंच विचारा की व्हॅक्युमने गाठीचा किती भाग निघाला आणि फिल्मवर किती उरलीय. त्यावर ठरवा. चवथीनंतर गेलात तरी चालेल, पण दिवाळीवर ढकलू नका.

---

शेवंती_डिचोली

देव बरें करूं, दोघांनाही. चवथीनंतरच्या सोमवारची वेळ घेतलीय. दीनदयाळच्या (सरकारी आरोग्य विम्याच्या) कार्डाचंही विचारते. काही न्यायला हवं का?

---

क्ष_किरण

दोन्ही वेळच्या फिल्मची सीडी न्या, नुसते कागद नकोत. क्लिप घातल्यानंतरच्या दोन फिल्म त्यात आहेत ना, ते सेंटरातून निघायच्या आधी तिथेच उघडून बघा. बऱ्याचदा नेमक्या त्याच राहिलेल्या असतात.